डबे नंतर घे

सासवड,
रविवार

प्रिय बाळ्या,

शाळा व्यवस्थापन समितीचा अध्यक्ष झालास, अभिनंदन! गावात कुणी हात वर केला नसणार, म्हणून तुझ्या गळ्यात घातलं असेल, पण पद ते पद. आता मुद्द्याचं. वर्गणी काढून शाळेसाठी ओल्या-सुक्या कचऱ्याचे हिरवे-निळे डबे घेणार म्हणतोस. जरा थांब. डबा कचरा साठवतो, कमी करत नाही. आधी आठवडाभर फाटकाशी उभा राहून बघ, आत काय काय येतंय.

माझ्या शाळेत सगळ्यात जास्त निघतात ती वेफर्स-कुरकुऱ्यांची पाकिटं. त्यात प्लॅस्टिकचे थर आणि ॲल्युमिनियमचा मुलामा एकमेकांना असे चिकटलेले असतात की भंगारवाला हातसुद्धा लावत नाही. निळ्या डब्यात टाकली तरी शेवटी गावाबाहेर उकिरड्यावरच जातात, नाहीतर शिपाई मागच्या बाजूला पाल्याबरोबर पेटवून देतो. तेव्हा ती आतच येऊ नयेत. समोरच्या टपरीवाल्याशी भांडू नकोस हं, त्याचं पोट आहे त्यावर. पेरू, बोरं, काकडी, आवळे ठेव म्हणावं. मुलं तुटून पडतात, आणि मागे उरतात त्या फक्त बिया.

दुसरं म्हणजे वाढदिवसाची चॉकलेटं. एका पोराचा वाढदिवस आणि सगळ्या वर्गाच्या बाकाखाली चमचमते कागद. आम्ही एवढंच ठरवलं की ज्याचा वाढदिवस त्याने वर्गाच्या कपाटाला एक गोष्टीचं पुस्तक द्यायचं. काही आया रुसल्या. रुसू देत.

आता खिचडी. यावर कुणी बोलत नाही. पोषण आहारात पहिली ते पाचवीला दरडोई १०० ग्रॅम तांदूळ, सहावी ते आठवीला १५० ग्रॅम. म्हणजे पहिलीतलं चिमुरडं आणि पाचवीतला दांडगा हिशेबात सारखेच! लहानांच्या ताटात उरणारच. मदतनीस ताईंना सांग, आधी अर्धा डाव वाढा, मागेल त्याला पुन्हा. तरीही जे उरेल ते आणि भाजीची देठं खड्ड्यात घाल, पण वर दुप्पट-तिप्पट सुका पाला हवाच. नुसतं ओलं टाकलंस तर घाण वास सुटेल, उंदीर येतील आणि लोक तुला शिव्या घालतील. मधूनमधून खालीवर केलंस तर दोन-तीन महिन्यांत खत. पाला जाळणंही आपोआप बंद.

१५ ऑगस्ट आणि स्नेहसंमेलन येईल तेव्हा लक्षात ठेव: प्लॅस्टिकचे झेंडे, फुग्यांच्या प्लॅस्टिक काड्या, सजावटीचा थर्माकोल यांवर १ जुलै २०२२ पासून देशभर बंदी आहे. १०० मायक्रॉनपेक्षा पातळ पीव्हीसी बॅनरवरही. पाहुण्यांच्या स्वागताचा बॅनर हवाच असेल तर एकदाच कापडी शिवून घे, नावाची जागा मोकळी ठेव, खडूने लिहा नि पुसा. मुख्याध्यापक नाक मुरडतील, पण नियम तुझ्या बाजूने आहे.

आणि अरे, तू तर कुडाळात राहतोस! सहल म्हणून वेंगुर्ल्याला जा की. तिथल्या नगरपरिषदेने कचरा डेपोचंच बघण्यासारखं ठिकाण केलंय. कचरा वेगळा केल्यावर पुढे त्याचं काय होतं ते पोरांना डोळ्यांनी दिसेल.

डब्यांचं म्हणशील तर हे सगळं झाल्यावर किती लागतात ते मोज, मग वर्गणी काढ. सभेत पालक काय म्हणाले ते सविस्तर कळव. वहिनींना नमस्कार.

तुझा,
दादू