मस्कतचे साडेसात

जळगाव
आखाजीचा (अक्षय्य तृतीया) दुसरा दिवस, २०२६

प्रिय आप्पा,

दिवाळीत तुझा फोन आला होता. मी म्हणालो, 'साइटवर आहे, संध्याकाळी करतो.' ती संध्याकाळ अजून उजाडलेली नाही. आणि साइटवर मी नव्हतोच. घरीच होतो, पलंगावर, मांडीवर लॅपटॉप, आणि जे तुला सांगायचं टाळत होतो तेच त्याच्यात उघडलेलं.

तब्येत बरी आहे. साखर जरा वर गेलीय, गोळी सुरू केली. केस अजून तुझ्यापेक्षा जास्त आहेत.

तर आता ऐक. मी ऑस्ट्रेलियाला चाललोय. फिरायला नाही, राहायला. अ‍ॅडलेडला. चौघंही. मागच्या मंगळवारी व्हिसा आला. आला तेव्हा पहिल्यांदा कुणाला सांगावं वाटलं असेल? फोन हातात घेतला, तुझं नाव काढलं आणि परत ठेवून दिला. ज्या माणसाने तुला मस्कतला जाऊ दिलं नाही, तो कुठल्या तोंडाने सांगणार?

हसून घे. शिव्या दे. काकूंच्या समोर देऊ नको. मग पुढं वाच.

हे सगळं गुणांवर चालतं. आपल्या दहावीसारखं, फक्त इथं वय हाही एक विषय आहे आणि त्यात आपण दरवर्षी मागं पडतो. पंचवीस ते बत्तीसला ३० गुण, एकोणचाळीसपर्यंत २५, चाळीस लागलं की एकदम १५, आणि पंचेचाळीस पूर्ण झालं की दार बंद. तिथल्या राज्याचं बोलावणं पंचेचाळिशीच्या आत यावं लागतं. आणि माझी जन्मतारीख तुला माहीतच आहे. आई म्हणायची पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी झाला, पण पहिलीत घालताना गुरुजींनी १ जून लिहिली. तुलाही १ जूनच. आपल्या वर्गात एकोणीस पोरं १ जूनची होती, त्या दिवशी गावातल्या बायांनी काय केलं असेल देव जाणे. पण त्या गुरुजींच्या पेनाने माझे अडीच-तीन महिने खाल्ले रे. बोलावणं आलं तेव्हा कागदावरच्या पंचेचाळिशीला १९ दिवस उरले होते. एकोणीस! त्या महिन्यात मी रात्री दोनला उठून ईमेल बघायचो. बायको म्हणायची, प्रेमपत्र येणार आहे का?

हिशोब सांगतो. वयाचे १५, पदवीचे १५, नोकरीचे १५, इंग्रजीचे १०, हिच्या इंग्रजीचे ५, आणि राज्याने नाव घेतलं त्याचे १५. पंच्याहत्तर. ही अजून भांडते, 'माझ्या इंग्रजीला तुमच्यापेक्षा जास्त मिळाले तरी माझे पाचच का?' नियम आहे म्हटलं. नियम तुम्हीच केला असाल म्हणते.

राज्याने नाव घेतलं म्हणजे काय, तर सिडनी, मेलबर्न, ब्रिस्बेन सोडून राहायचं. त्यांच्या लेखी बाकीचं सगळं 'प्रादेशिक'. म्हणजे आपण तिथं जाऊनही मुंबई-पुणे सोडून धुळं-नंदुरबारातच. पाच सालांचा व्हिसा, तीन सालांचे कर भरल्याचे कागद दाखवले की मग कायमचं मागायचं. काल आखाजीला अण्णांनी सालदाराचा हिशोब केला, नवीन साल ठरवलं, आणि मी ओसरीत बसून बघत होतो. म्हटलं, आपणही सालच धरलंय की. फक्त मालक कोण ते अजून माहीत नाही. कारण नोकरी हातात नाही, व्हिसा हातात आहे. तिथं म्हणे सगळे विचारतात, इथला अनुभव काय? बावीस वर्षं पूल बांधले, तरी इथला अनुभव शून्य.

ते पूलसुद्धा सिद्ध करावे लागले. आपली डिग्री जुनी, ती त्यांच्या इंजिनिअरांच्या संस्थेला तशीच चालत नाही. तीन प्रकरणं लिहायची, आपण काय काम केलं त्याची, आणि सगळं 'मी' लावून. मी मोजलं, मी ठरवलं, मी बदललं. आप्पा, आयुष्यभर आपण काय लिहिलं? 'करण्यात आले.' 'निदर्शनास आणण्यात आले.' काँक्रीट आपोआप ओतलं जातं, चूक कुणीच करत नाही. वाघूरवरच्या त्या लहान पुलाचं प्रकरण लिहायला मला अडीच महिने लागले. 'मी' लिहिलं की वाटायचं खोटं बोलतोय. आणि सुरुवातीची सहा वर्षं तर गेलीच, तो ठेकेदार पगार पाकिटात द्यायचा ना. कागद नाही म्हणजे मी तेव्हा नव्हतोच.

आता ज्यासाठी पत्र लिहायला बसलो ते. फोनवर हे माझ्याने झालं नसतं.

इंग्रजीची परीक्षा पुण्यात दिली. बाहेर बाकावर सगळी बावीस-चोवीसची पोरं, एका पोरीने मला 'अंकल, तुम्ही मुलाला सोडायला आलात का?' विचारलं. वाचन झालं, लिखाण झालं. शेवटी तोंडी. एक बाई, समोर कागद सरकवते, एक मिनिट विचार करायचा, दोन मिनिटं बोलायचं. कागदावर विषय: तुम्ही कुणाला दिलेला एखादा चांगला सल्ला.

एका मिनिटात दुसरं काही सुचलं नाही रे. मी तुझंच सांगितलं.

सांगितलं की २००४ साली माझ्या मित्राला मस्कतला नोकरी लागली होती. त्याच्या वडिलांना लकवा होता. अमळनेर स्टेशनच्या बाकावर मी त्याला दोन तास समजावलं की आई-बापापेक्षा मोठं काही नाही. तो थांबला. त्या बाईने मान हलवली, मला जोर आला. मी म्हणालो, पुढं त्याने माझे आभार मानले. म्हणालो, आज तो सुखी बागायतदार आहे. व्याकरण एकदम पक्कं, भूतकाळातला भूतकाळसुद्धा बरोबर लागला. तोंडीत साडेसात मिळाले. बाकी तिन्हींत काठावर सात. म्हणजे तुझ्या मस्कतवर माझं इंग्रजी पास झालं.

तू आभार मानले नव्हतेस. तू दीड वर्ष बोलला नाहीस. गोट्याच्या लग्नात पंगतीत शेजारी बसवलं तेव्हा 'वरण सरकव' एवढंच म्हणालास आणि मी ते मैत्रीचं समजून घेतलं. आणि त्या बाकावर मी तुला समजावलं नव्हतं, मी तुला लाजवलं होतं. 'बाप अंथरुणात आणि तुला रियाल दिसतात' असं म्हणालो होतो. तू म्हणालास, 'पैशाचं नही रे बापू. माले फक्त जाईसन देखनं शे.' मी हसलो होतो. बघायचंय म्हणे, जसं काही यात्रेतला पाळणा.

आता खरं सांगू? सगळ्यांना सांगतो, पोरांसाठी चाललोय. त्यांचं शिक्षण, मोकळी हवा. हवेचं तर विचारूच नको, अ‍ॅडलेडला २०१९च्या जानेवारीत ४६.६ गेलं होतं, भुसावळच्या मे महिन्याला लाजवेल असं. पोरांसाठी नाही जात मी. पोरगी तर रुसलीय, तिच्या मैत्रिणी इथं. मला जायचंय. पंचेचाळिशीत मला एकदा बघायचंय, बाकी काही नाही. हे वाक्य मनात आलं तेव्हा ते तुझ्याच आवाजात आलं आणि मी रात्री उठून पाणी पिऊन आलो. हिला नाही सांगितलं. तिला कळणार नाही असं नाही, पण तुला ते आधीपासून माहीत आहे.

अण्णांना मी सांगितलंच नव्हतं. म्हटलं व्हिसा येऊ दे, नाही आला तर उगाच कशाला. पण पोलिसांचा दाखला लागतो, आणि माझ्या पासपोर्टवर पत्ता गावचा. एके दिवशी हवालदार मोटारसायकलवर दारात. अण्णा ओट्यावर शेंगा फोडत होते. 'मुलगा परदेशात जाणार म्हणे, गुन्हाबिन्हा काही?' अण्णांनी त्याला चहा पाजला आणि सांगितलं, 'गुन्हा नही, पन एकदाव दुसऱ्यानी सायकल लयेल व्हती.' टकल्याची सायकल! ती तू आणली होतीस, मी फक्त मागं बसलो होतो. तीस वर्षं झाली तरी ती माझ्याच नावावर. हे मला हवालदाराने नंतर फोनवर हसत सांगितलं. अण्णा मात्र माझ्याशी एक शब्द बोलले नाहीत. सहा महिने. मी गावी जायचो, ते कापसाचं बोलायचे.

मग काल आखाजी. ताई भुसावळहून आली होती, धाकटी धुळ्याहून. घागर भरली, वर डांगर ठेवलं, दोन आंबे, सांजोरी. उंबरठ्यावर कुंकवाची बोटं ओढायची वेळ झाली. दरवर्षी अण्णाच ओढतात, एकेका पितराचं नाव घेऊन. काल वाटी माझ्यापुढं केली. 'तू ओढ.' मी पणजोबांचं ओढलं, आजोबांचं, आजीचं, मग आईचं. आईचं बोट जरा वाकडं गेलं. उंबरठ्याचं लाकूड तिथं झिजून खोलगट झालंय, पाय पडून पडून. तू कितीदा ठेचकाळलास त्यावर. अण्णा बघत होते. मग म्हणाले, 'तठे घरले उंबरठा ऱ्हास का रे?'

मी इंजिनिअर माणूस. म्हणालो, नसतो अण्णा, फरशी सपाट असते, दाराखाली एक अ‍ॅल्युमिनियमची पट्टी असते. पट्टीची रुंदीसुद्धा सांगितली. हातात कुंकवाची वाटी आणि मी मिलिमीटर सांगतोय. ताई आत निघून गेली.

त्यांना नेता येत नाही, हे तुला सांगतो म्हणजे तू तरी म्हणणार नाहीस. आई-बापांना कायमचं न्यायचं तर निम्मी तरी पोरं तिथं असावी लागतात असा नियम आहे. आम्ही तिघं, त्यातला मी एक. दोघी बहिणी इथं राहून सुखी आहेत हाच अण्णांचा अपात्रतेचा मुद्दा. पाहुणे म्हणून येऊ शकतील, पण ते जळगावला तीन दिवस राहत नाहीत. ताई म्हणते, दादा तू जा, मी आहे ना. तिने असं म्हटलं की मला जास्त राग येतो, का ते कळत नाही. तू तेव्हा थांबलास आणि काकांची तीन वर्षं केलीस, शेवटपर्यंत. आम्ही सगळे तुझं कौतुक करत जेवून यायचो. तुझा पासपोर्ट बियाण्याच्या पेटीत होता ना? मुदत कधी संपली ते तरी बघितलंस का?

बरं, तुझं सांग. केळीच्या मृगबागेची रोपं सांगितलीस का? यंदा परत तो व्हायरस आला तर टिश्यूवाल्याला सोडू नकोस. मागच्या वादळात किती खोडं आडवी झाली, भरपाई मिळाली का? पिंकीची बारावी झाली ना, निकालाचं कळव. वहिनींचा गुडघा?

आम्ही सप्टेंबरमध्ये निघणार. पोळा करून. बामणोदची वांगी तिथं मिळणार नाहीत, भरीत ठेचायची बडजी मात्र न्यायची म्हणतोय, लाकूड आहे म्हणून विमानतळावर अडवतील असं ही म्हणते. अडवू देत.

एक मागायचं होतं. पाचदा लिहिलं आणि खोडलं, वर दिसत असेल. तुझ्याकडे ते मागण्याचा हक्क मी २००४ साली त्या बाकावर घालवला, म्हणून मागत नाही. पण आज सकाळी निघताना अण्णांनी तुझा नंबर मागितला. वहीत मोठ्या अक्षरात लिहून घेतला, वर 'आप्पा चोपडा' असं. कशाला ते विचारलं नाही. त्यांच्या फोनवरून आला तर उचल. साइटवर आहे म्हणू नकोस.

अमळनेरच्या यात्रेला बोरीच्या पात्रात येशील ना? मी एकटाच येतोय.

तुझा,
बापू

ता. क. सायकलचं अण्णांना तूच खरं सांग.