आठवड्यातल्या चिकनलाही पाककृतींच्या पानात जागा द्या

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवार पुरवणीतील पाककृतींचे पान मी नेमाने वाचते आणि त्यातील सामिष पदार्थ घरी करूनही पाहते. तरीही या पानाबद्दल एक तक्रारवजा सूचना करावीशी वाटते. तेथे येणारी चिकनची जवळजवळ प्रत्येक कृती दिवसभर मोकळीक असलेल्या माणसासाठी लिहिलेली असते. सुके खोबरे आणि कांदा खरपूस भाजून वाटण करा, मसाला तेल सुटेपर्यंत परता, अधूनमधून हलवत राहा. या रश्श्याच्या चवीबद्दल वादच नाही. परंतु मुंबईतल्या मांसाहारी घरांत रविवारखेरीज बुधवार आणि शुक्रवार हेही चिकन-मासळीचे वार असतात, आणि फोर्टातले काम संपवून लोकलने भांडुप-मुलुंड गाठेपर्यंत आठ वाजून गेलेले असतात. त्या वेळी तासभर कढईपाशी उभे राहण्याचे त्राण कोणातही उरत नाही, मग फोन उचलून बाहेरून मागवले जाते. अशा वारांसाठी टोमॅटोच्या सॉसमध्ये बेक केलेले चिकन हा फार सोयीचा पदार्थ आहे, आणि आपल्या पानात मात्र तो मला कधी दिसलेला नाही.

यासाठी लागणारा ओव्हन अनेक घरांत आधीपासून आहे. ओटीजी (ओव्हन-टोस्टर-ग्रिल) म्हणा किंवा कन्व्हेक्शनचा मायक्रोवेव्ह म्हणा, तो डिसेंबरात केकसाठी पुसून काढला जातो आणि एरवी त्याच्या पोटात तवे, झाकणे आणि इडलीपात्र रचून ठेवलेले असते. ते बाहेर काढावे आणि ओव्हन २०० अंश सेल्सिअसवर तापत ठेवावा. चौघांसाठी किलोभर लेग पीस पुरतात. तोवर गॅसवर तीन चमचे तेलात एक बारीक चिरलेला कांदा आणि सात-आठ पाकळ्या लसूण परतून त्यात पाऊण किलो टोमॅटोंचा मिक्सरमधून काढलेला रस, मीठ आणि दोन चमचे मालवणी मसाला घालून मोठ्या आचेवर दहा मिनिटे उकळावे. टोमॅटोचा कच्चा वास गेला आणि रस चमच्याला धरू लागला की सॉस झाला. तो पसरट भांड्यात ओतून चिरा दिलेले तुकडे त्यात अर्धे बुडतील असे मांडावेत, वर झाकण घालून पंचवीस मिनिटे आणि झाकण काढून आणखी वीस मिनिटे बेक करावेत. मालवणी मसाला नको असेल तर ब्याडगी मिरचीची पूड आणि जाडसर कुटलेली मिरी पुरे. पिझ्झाबरोबर आलेल्या ओरेगॅनोच्या पुड्या ज्यांच्या खणात साठून राहिल्या आहेत, त्यांनी त्या येथे खुशाल संपवाव्यात.

टोमॅटोच्या निवडीकडे मात्र लक्ष द्यावे. बाजारात मिळणारे गोल, पातळ सालीचे गावठी टोमॅटो सार आणि आमटीसाठी उत्तम. पण त्यात पाणी आणि आंबटपणा दोन्ही अधिक असल्याने सॉस आटायला वेळ लागतो. लांबट, गरदार टोमॅटो येथे बरे. गावठीच हाताशी असतील तर चिमूटभर साखर घालावी. २०२३च्या जुलैत टोमॅटो किलोला शंभरीपार गेले होते, तशी वेळ पुन्हा आली तर पाकिटातली टोमॅटो प्युरी वापरून काम भागते; केचपने मात्र भागत नाही, कारण त्यात साखर आणि व्हिनेगर आधीच इतके असते की चिकन गोडमिट्ट होते.

भांड्याचाही विचार हवा. टोमॅटो आम्लधर्मी असल्यामुळे उघड्या ॲल्युमिनियमच्या ट्रेमध्ये सॉसला धातूची चव येते. काचेचे किंवा स्टेनलेस स्टीलचे भांडे घ्यावे. झाकण म्हणून फॉइल लावायची असेल तर ती सॉसला टेकणार नाही अशी ताणून लावावी. जेथे टेकते तेथे तिला बारीक भोके पडलेली दिसतात. मायक्रोवेव्ह कन्व्हेक्शन मोडवर असेल तेव्हाच स्टीलचे भांडे किंवा फॉइल चालते, आणि तेही त्या यंत्राच्या पुस्तिकेत तशी मुभा असेल तर. फ्रिजमधून काढलेले काचेचे भांडे थेट तापलेल्या ओव्हनमध्ये सरकवू नये, ते तडकू शकते.

या पद्धतीत मांस कोरडे का पडत नाही, हेही पाककृतीत सांगितले जावे असे मला वाटते, कारण कारण कळले की माणूस कृतीत आपले फेरफार बिनधास्त करतो. सॉसमध्ये बुडालेला भाग, ओव्हन २०० अंशांवर असला तरी, पाणी असेपर्यंत शंभर अंशांच्या फारसा पुढे जात नाही, त्यामुळे तो हळूहळू शिजतो. वर राहिलेला भाग कोरड्या उष्णतेत खमंग होतो. मांडीच्या मांसातील चिवट भाग तापमान आणि वेळ मिळाला की मऊ होतो, म्हणून लेग पीसच घ्यावेत. बोनलेस ब्रेस्ट घेतल्यास पंचवीस ते तीस मिनिटांत आटोपावे, नाहीतर त्याचा चोथा होतो. गावठी कोंबडी या कृतीला अजिबात चालत नाही, तिला कुकर किंवा मंद आचेचा रस्साच हवा.

आतून कच्चे राहण्याची भीती रास्त आहे. सर्वांत जाड भागात, हाडाला न टेकता, ७४ अंश सेल्सिअस तापमान झाले की चिकन सुरक्षित मानले जाते, आणि लेग पीस त्याहून थोडा अधिक शिजला तर उलट चांगला लागतो. स्वयंपाकाचा थर्मामीटर या कामी विश्वासाचा. ब्रॉयलर कोंबडी कोवळी असल्याने पूर्ण शिजल्यावरही हाडापाशी लालसर छटा राहू शकते, तेव्हा नुसत्या रंगावरून निवाडा करू नये. कच्चे चिकन नळाच्या धारेखाली धुण्याची आपल्याकडील सवयही सोडण्याजोगी आहे. त्या तुषारांबरोबर जंतू सिंकवर आणि शेजारच्या कोशिंबिरीवर जातात, आणि ते मारण्याचे काम ओव्हन धुण्याहून कितीतरी चांगले करतो.

विजेच्या बिलाचा आक्षेप घरोघरी निघतो. १५०० वॉटचा ओटीजी तासभर अखंड चालला तरी दीड युनिट जळते, आणि थर्मोस्टॅट मधूनमधून वीज तोडत असल्याने प्रत्यक्षात त्याहून कमीच. खरी काळजी प्लगची घ्यावी. जुन्या इमारतींच्या स्वयंपाकघरात बहुधा एकच पॉवर पॉइंट असतो आणि तो फ्रिजने अडवलेला असतो. म्हणून ओटीजी साध्या एक्स्टेन्शन बोर्डावर लावणे हा धोका पत्करू नये.

हा पदार्थ आपला नाही, असेही कोणी म्हणेल. इटलीत टोमॅटो, कांदा आणि वनस्पतींच्या पानांसह शिजवलेले चिकन जुने आहे, हे खरे. पण खालून-वरून उष्णता देऊन शिजवणे आपल्याला कुठे नवे आहे? अलिबागकडे थंडीत मडक्यात वालाच्या शेंगांबरोबर कोंबडी घालून, वर भांबुर्डीचा पाला कोंबून आणि मडके उपडे ठेवून सभोवती जाळ करतात, त्या पोपटीसाठी मुंबईकर मुद्दाम गाडी काढून जातात. खाली चूल आणि झाकणावर निखारे ठेवून भानोळे करणाऱ्या आज्या याच शहरात होत्या.

या चिकनबरोबर चपात्या लाटण्याची गरज नाही. बेकरीतला संध्याकाळचा लादी पाव सॉसात बुडवून खावा, किंवा ओव्हनचे काम चालू असताना भाताचा कुकर लावावा. प्रमाण मात्र नेटके ठेवावे, कारण गुरुवार पाळणाऱ्या घरात बुधवारचे चिकन उरले की ते शुक्रवारपर्यंत फ्रिजमध्ये ठेवण्यावाचून गत्यंतर नसते. तसे ठेवायचेच तर जेवणानंतर लगेच ठेवावे, मुंबईच्या दमट हवेत ओट्यावर रात्रभर नव्हे.

तेव्हा विनंती अशी की, आपल्या पानातून अशा ओव्हनच्या पाककृती द्याव्यात, त्यांत ‘मध्यम आच’ आणि ‘अंदाजे मीठ’ यांऐवजी वजन, तापमान, मिनिटे आणि भांड्याचा प्रकार छापावा, आणि शक्य झाल्यास त्या रविवारऐवजी मंगळवारच्या अंकात घ्याव्यात, म्हणजे चिकन आणि टोमॅटो बुधवारी स्टेशनवरून घरी येतानाच घेता येतील.

आपली,
एक वाचक, मुलुंड (पूर्व)