गरोदरपणात औषधे परस्पर बंद नकोत

संपादक महोदय,

अल्सरेटिव्ह कोलायटिस किंवा क्रोन्स हा आतड्यांचा दीर्घकालीन दाहविकार असलेल्या स्त्रीला दिवस गेले, की घरातली वडीलधारी मंडळी ‘आता त्या गोळ्या बंद कर’ असे सांगतात आणि बाळाच्या काळजीपोटी तीही डॉक्टरांना न विचारता ते ऐकते. वास्तविक अकाली प्रसूतीचा आणि बाळाचे वजन कमी भरण्याचा धोका वाढतो तो मुख्यतः बळावलेल्या आजारामुळे. मेसालामाइन व अ‍ॅझाथायोप्रिन ही औषधे तज्ज्ञांच्या देखरेखीखाली सहसा चालूच ठेवली जातात. मेथोट्रेक्सेट मात्र गर्भाला घातक असल्याने गर्भधारणेच्या काही महिने आधीच थांबवावे लागते. त्यामुळे आजार शांत असताना, डॉक्टरांशी बोलूनच मुलाचा विचार करणे श्रेयस्कर. (लग्न जमवताना आजार लपवला असेल, तर हे बोलणे घडणार कसे, हा प्रश्न उरतोच.)

आणखी एक बाब फारशी चर्चेत येत नाही. आपल्याकडे बाळाला जन्मतःच बीसीजी ही क्षयरोगावरील लस टोचतात; परंतु आईने गरोदरपणात याच आजारासाठी प्रतिकारशक्ती दाबणारे इन्फ्लिक्सिमॅब किंवा अ‍ॅडॅलिम्युमॅब घेतले असल्यास ते नाळेवाटे बाळाच्या रक्तात उतरून काही महिने टिकते, म्हणून अशा बाळाला ही जिवंत (म्हणजे दुर्बल केलेले जिवंत जंतू असलेली) लस साधारण पहिले ६ महिने देत नाहीत. पोटविकारतज्ज्ञांची फाइल एकीकडे आणि प्रसूतिगृह दुसरीकडे असताना लस टोचणाऱ्या परिचारिकेला हे कळावे, यासाठी माता व बाल संरक्षण कार्डावर आईच्या अशा औषधांची ठळक नोंद करण्याची सूचना आरोग्य विभागाने द्यावी.

– एक वाचक