बूट टाकाऊ नव्हते

महोदय,

कालच्या पुरवणीतला भिंतीत लपवलेल्या बुटांवरचा लेख वाचला. विषय घेतलात, आभारी आहे. पण अडाणी लोकांनी भुताच्या भीतीने टाकाऊ बूट भिंतीत कोंबले, एवढ्या एका वाक्यात इंग्लंडमधली शतकांची ही प्रथा निकालात काढायची म्हणजे अतिच झाले.

माझी हयात बुटांच्या धंद्यात गेली. सहलीला गेलो असता तिकडच्या एका संग्रहालयात धुराड्यातून निघालेला असा बूट काचेला नाक लावून पाहिला आहे. लहान मुलाचा, एकाच पायाचा. चवड्याखाली तळ झिजलेला, त्यावर ठिगळ, ठिगळही झिजलेले, आणि अंगठ्याचा उंचवटा चामड्यावर जसाच्या तसा. पायाचा आकार इतका धरून ठेवणारा बूट राखणीला बसवला, तर वाईट काही आलेच तर त्यालाच माणूस समजून फसेल, असा हिशेब असावा. ‘असावा’ म्हणतो, कारण त्या काळी कोणी कारण लिहून ठेवलेले नाही. इंग्लंडमधल्या नॉर्थॅम्प्टनच्या संग्रहालयाकडे अशा बुटांच्या १९०० हून अधिक नोंदी आहेत, तरी तेही जपूनच बोलतात. तुमच्या लेखकांना मात्र सगळे पक्के ठाऊक! त्या बुटापाशी मी आणखी थांबणार होतो, पण आमचा टूर मॅनेजर ‘काका, चपला बघायला एवढ्या लांब आलात का?’ म्हणत मला बसकडे ओढून घेऊन गेला. ती चीड या लेखाने पुन्हा वर आली.

आणि अडाणी कोण हो? केंटमधल्या नोल वाड्यात, पहिल्या जेम्स राजासाठी तयार केलेल्या दालनात, जमिनीच्या फळ्यांखालच्या तुळईवर वाईटापासून राखण करणाऱ्या अशाच खुणा कोरलेल्या सापडल्या. तुळई १६०६ च्या सुमाराची. या राजाने स्वतः १५९७ मध्ये चेटूकविद्येवर ग्रंथ छापला होता.

शिवाय ‘सतराव्या शतकातील बूट’ म्हणून छापलेला फोटो. त्याला धातूची आयलेट, म्हणजे नाडी ओवायच्या भोकांना बसवलेल्या कड्या, आहेत! ती एकोणिसाव्या शतकातली. शिवाय तो बूट सरळसरळ उजव्या पायाचा दिसतो. सतराव्या शतकात बहुतेक बूट दोन्ही पायांना एकाच साच्याचे शिवत. फोटो निवडताना एखाद्या चांभाराला तरी विचारायचे.

जाता जाता, त्याच अंकातल्या राशिभविष्यात वृश्चिकेने या आठवड्यात नवी पादत्राणे घेऊ नयेत, असे छापले आहे. ते कोणत्या पुराव्यावर, तेवढे कळवावे.

आपला,
एक जुना वाचक