मंत्रीसाहेब, डिस्चार्ज कार्डावर 'डावा का उजवा' एवढं तरी लिहायला लावा

मा. सार्वजनिक आरोग्य मंत्री, महाराष्ट्र राज्य, यांना
सप्रेम नमस्कार.

साहेब, मी सोलापूरची. एका खाजगी हॉस्पिटलच्या रेकॉर्ड रूममध्ये नऊ वर्षं झाली काम करतेय. पेशंट घरी गेला की त्याची फाईल माझ्या टेबलावर येते आणि डॉक्टरांनी जे निदान लिहिलंय त्याला आयसीडी-१० चा, म्हणजे जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या यादीतला कोड द्यायचा, हे माझं काम.

काल एक फाईल आली. निदान काय, तर 'डिफॉर्मिटी लोअर लिंब', म्हणजे पायाला व्यंग. बास, एवढंच. कुठला पाय, मांडी का गुडघा का घोटा, जन्मापासून आहे का नंतर झालंय, काहीच नाही. फाईल उलटीपालटी केली, एक्स-रेचं पाकीट बघितलं तर त्यावर नुसतं नाव आणि तारीख, सिस्टरांच्या नोट्स वाचल्या, डॉक्टर ऑपरेशन थिएटरमध्ये होते. संध्याकाळी शेवटी एम २१.९ टाकला, म्हणजे 'हातापायाचं नंतर आलेलं व्यंग, तपशील नाही'. त्यातलं 'नंतर आलेलं' हे पण मी पेशंटच्या वयावरून धरलं, आणि असं अंदाजाने धरायचा मला काहीएक अधिकार नाही.

कोडच्या पुस्तकात तपशिलाला जागा नाही असं थोडंच आहे? एम २१ मध्येच वाकलेल्याच स्थितीत राहिलेल्या सांध्याला .२, मनगट किंवा पाऊल लुळं पडलं तर .३, पंजा आखडून वाकडा झाला तर .५, एक पाय आखूड झाला तर .७. बोटांचं व्यंग असेल तर एम २०. अवयवच कापलेला असेल तर झेड ८९. आणि जन्मजात असेल तर सगळा विभागच वेगळा, क्यू चा. शिवाय ते कशामुळे झालं याचा दुसरा कोड जोडता येतो, पायाच्या जुन्या दुखापतीचा टी ९३, हाताच्या दुखापतीचा टी ९२, पोलिओचा बी ९१, कुष्ठरोगाचा बी ९२. सगळं आहे हो, पण कागदावर लिहिलेलंच नसेल तर मी कुठून आणू.

एवढ्याशा गोष्टीवर मंत्र्यांना पत्र कशाला, असं वाटेल तुम्हाला, म्हणून घरचंच सांगते. माझे आप्पा अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलच्या मागावर कामाला होते. २०११ ला रात्रपाळी सुटल्यावर सायकलवरून घरी येताना त्यांना जीपने उडवलं, उजव्या मांडीचं हाड मोडलं, ते वाकडं जुळलं आणि पाय दीड इंच आखूड झाला, गुडघा पण पूर्ण वाकेना. मागाचं काम म्हणजे आठ तास उभं राहून इकडून तिकडे फिरायचं, धागा तुटला की पळायचं. आप्पांनी चांभाराकडून उजव्या चपलेला टायरचे दोन थर ठोकून घेतले, तरी दुपारपर्यंत कंबर धरायची.

नुकसानभरपाईची केस चालू होती. तिथे विम्यावाल्यांच्या वकिलाने आप्पांवर उपचार झाले त्या दवाखान्याचं डिस्चार्ज कार्ड वर धरलं आणि विचारलं, हा पाय आधीपासूनच असा नव्हता कशावरून? कार्डावर लिहिलेलं 'डिफॉर्मिटी, लिंब'. उजवा नाही, मांडी नाही, अपघात हा शब्दसुद्धा नाही. आप्पा कोर्टात चपला काढून दोन्ही पाय जोडून उभे राहिले, बघा म्हणाले. मी तेव्हा कॉलेजला होते, ते अजून डोळ्यासमोर आहे. मग जुना एक्स-रे शोधा, डॉक्टरांची बदली कुठे झाली ते शोधा, नव्याने सर्टिफिकेट काढा, यात दोन वर्षं गेली. डॉक्टरांना तेव्हा एक ओळ जास्त लिहायला किती वेळ लागला असता?

दिव्यांग सर्टिफिकेटचं पण तेच. व्यंग ४० टक्क्यांच्या आत बसलं की बऱ्याच सवलती हातातून जातात. पाय आखूड असेल तर पहिल्या अर्ध्या इंचाला काही नाही, पुढच्या दर अर्ध्या इंचाला ४ टक्के, म्हणजे आप्पांच्या दीड इंचाचे झाले ८. गुडघा आखडल्याचे वेगळे मोजून त्यात मिळवतात. आता सर्टिफिकेट देणाऱ्या बोर्डाचे डॉक्टर स्वतः टेप लावून मोजतात हे खरंय, पण पाय कधीपासून असा आहे, ऑपरेशन झालंय का, अजून सुधारण्यासारखं आहे का, हे टेप सांगत नाही, कागद सांगतो. करमाळ्याकडचा माणूस शंभर किलोमीटरच्या वर प्रवास करून सोलापुरात येतो, रोज बुडवून येतो, आणि त्याला म्हणायचं जुने पेपर घेऊन परत या.

कुष्ठरोगामुळे आखडलेल्या हाताच्या पंजाचं तर फारच वाईट वाटतं. त्यावर शस्त्रक्रिया होते, सरकारी कार्यक्रमातून फुकट होते. पण तो पंजा एम २१.९ मध्ये जाऊन पडला की मागावर हात अडकून झालेला वाकडा हात आणि हा हात तुमच्या आकडेवारीत एकच. मग अशी शस्त्रक्रिया कुठल्या तालुक्यात किती जणांना लागणार हे तुम्हाला कळणार कसं?

माझं मागणं एवढंच आहे. एक जीआर काढा, सरकारी आणि खाजगी दोन्हींना लागू होईल असा. हातापायाचं व्यंग असेल तर बाजू, हाड किंवा सांधा, जन्मजात का नंतरचं, कशामुळे आणि साधारण केव्हा, आणि मोजता येण्यासारखं असेल तर माप, हे लिहिल्याशिवाय डिस्चार्ज कार्डावर सही नको. बाजू तर आवर्जून लिहायला लावा, कारण आयसीडी-१० च्या या कोडमध्ये डावं उजवं येतच नाही, त्याच्या नव्या आवृत्तीत, आयसीडी-११ मध्ये ते जोडता येतं पण आमच्याकडे अजून १० च चालू आहे. आणि ग्रामीण रुग्णालयात रेकॉर्डला शिकलेला माणूस द्या, क्लार्कच्या गळ्यात हे काम मारू नका, त्याला कोडिंग कुणी शिकवलेलंच नसतं.

डॉक्टरांवर माझा राग नाही. ओपीडीची गर्दी मी रोज बघते. पण फॉर्मवर छापील रकाने असले तर भरायला अर्धा मिनिट लागतो, आणि निवासी डॉक्टरसुद्धा भरू शकतो.

आप्पांच्या त्या डिस्चार्ज कार्डाची झेरॉक्स सोबत जोडलीय, नाव आणि दवाखाना झाकून. निदानाची ओळ तेवढी बघा.

आपली,
रेकॉर्ड रूममधली एक कर्मचारी, सोलापूर