सूचना : वाचनालयातील उष्णता यंत्रणा बदलण्याबाबत

सर्व सभासदांना कळविण्यात येते की, वाचनालयाच्या तळघरातील जुना बॉयलर (पाणी तापविणारे यंत्र) बदलण्याचे व रेडिएटरच्या (त्या गरम पाण्याने खोली उबदार ठेवणाऱ्या लोखंडी संचांच्या) नळ्या धुऊन काढण्याचे काम येत्या सोमवारी सकाळी ८ वाजता सुरू होईल. काम पूर्ण होईपर्यंत तळघर आणि वाचनकक्ष बंद राहतील. पुस्तकांची देवघेव मात्र प्रवेशद्वाराजवळ नेहमीच्या वेळेत चालू राहील.

केवळ दुरुस्तीवर भागवावे, असा विचार आधी झाला होता. परंतु वाचनकक्षातील रेडिएटर उघडला, तेव्हा तळातून शाईसारखा काळा गाळ निघाला. लोखंड आतून गंजल्याने साचलेला हा गाळ पाण्याचा प्रवाह अडवतो, म्हणूनच रेडिएटर वर गरम आणि खाली गार लागत असे. नवा कंडेन्सिंग बॉयलर धुरातल्या वाफेची उष्णताही वापरात आणतो. त्यासाठी रेडिएटरमधून बॉयलरकडे परतणारे पाणी साधारण ५५ अंश सेल्सिअसपेक्षा थंड असावे लागते. त्यामुळे रेडिएटर पूर्वीइतके तापणार नाहीत. तो बिघाड समजून कोणीही झडपा फिरवू नयेत.

सभासदांना विनंती :

१. रेडिएटरसमोरील कपाटे हलविण्यासाठी शक्य असलेल्यांनी शनिवारी सायंकाळी ५ वाजता यावे.

२. जुन्या नळ्यांवरील वेष्टणात ॲस्बेस्टॉस (फुप्फुसांना घातक असे तंतुमय खनिज) असू शकते. तपासणी होईपर्यंत त्याला हात लावू नये.

३. इमारतीत गॅसचे किंवा रॉकेलचे हीटर आणू नयेत. त्यांतून निघू शकणाऱ्या कार्बन मोनॉक्साइड या विषारी वायूला रंग नसतो, वास नसतो; बंद खोलीत तो जीवघेणा ठरतो. या नियमाला अपवाद केला जाणार नाही.

– कार्यवाह