ड्रॅक्युलाच्या यादीत मीनाला चारच शब्द?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मागच्या रविवारच्या पुरवणीत 'ड्रॅक्युला' कादंबरीतल्या पात्रांची ओळख करून देणारं पान आलं होतं. चित्रं झकास होती, त्याबद्दल काही म्हणणं नाही. पण मजकूर वाचून डोकंच फिरलं. काउंट ड्रॅक्युला म्हणजे खलनायक, प्रोफेसर व्हॅन हेल्सिंग म्हणजे नायक, जोनाथन हार्कर म्हणजे सज्जन तरुण वकील, आणि मीना? तर 'जोनाथनची बायको, ड्रॅक्युलाची बळी'. चार शब्दांत निकाल.

अहो, जिने अख्खी कादंबरी टाइप केली तिला चार शब्द? आणि हे मी गंमत म्हणून म्हणत नाहीये, कथेतच तसं आहे. ब्रॅम स्टोकरचं हे पुस्तक १८९७ साली आलं, आणि ते सरळ गोष्ट सांगितल्यासारखं लिहिलेलंच नाही, सगळी कागदपत्रं आहेत त्यात. जोनाथनची शॉर्टहँडमधली डायरी, डॉक्टर सेवर्डने फोनोग्राफवर बोलून ठेवलेली डायरी, मीनाची मैत्रीण लुसी हिची पत्रं, तारा, पेपरातली कात्रणं, एका जहाजाच्या कप्तानाच्या नोंदी. हा सगळा पसारा गोळा करून, तारीखवार लावून, टाइपरायटर बडवत कोण बसतं? मीना. म्हणजे आपण वाचतो ते पुस्तक कथेतल्या कथेत तिनेच तयार केलंय.

पहिल्यांदा भेटते तेव्हा ती शाळेत असिस्टंट टीचर आहे, अजून लग्न व्हायचंय, नवऱ्याला कामात मदत व्हावी म्हणून शॉर्टहँड आणि टायपिंग घोटतेय. आणि हौस म्हणून रेल्वेची वेळापत्रकं पाठ करते. वाचताना वाटतं काय हा छंद, पण शेवटी शेवटी व्हॅन हेल्सिंग गाडी कधी सुटते म्हणून विचारतो तेव्हा बाकी सगळे गप्प आणि हिच्या तोंडावर उत्तर तयार. स्टोकरने हे आधीपासून पेरून ठेवलंय, पण पात्रपरिचय लिहिणाऱ्यांच्या नजरेला ते कधी पडतच नाही.

आता मुख्य मुद्दा. काउंटने लंडनजवळ पर्फ्लीटला कारफॅक्स नावाची जुनी हवेली विकत घेतलीय आणि तिला लागूनच डॉक्टर सेवर्डचं वेड्यांचं इस्पितळ आहे, अगदी शेजारी. सेवर्डचा पेशंट रेनफिल्ड सारखा पळून त्या हवेलीच्या दाराशी जातो, 'मालक, मालक' करतो, आणि डॉक्टरसाहेब ते नोंदवूनही ठेवतात, पण शेजारच्या घरात कोण आलंय हा प्रश्न त्यांना पडत नाही. इकडे हवेलीचा व्यवहार ज्याने केला त्या जोनाथनच्या डायरीत पत्त्यासकट सगळं लिहिलेलं. दोन डायऱ्या, दोघांकडे अर्धी अर्धी गोष्ट. २९ सप्टेंबरला मीना तिथे येते, सेवर्डची बोलकी डायरी ऐकून टाइप करते, दोन्ही शेजारी ठेवते, आणि मग कुठे सेवर्डच्या डोक्यात प्रकाश पडतो की अरे, काउंट तर बाजूलाच असणार! स्वतःच तसं नोंदवतो तो. शोध लावला कोणी मग? प्रोफेसरांनी?

बरं, एवढं करून तिला काय बक्षीस मिळतं? दुसऱ्याच दिवशी संध्याकाळी सगळे बैठकीला बसतात, तिने टाइप केलेले कागद वाचूनच बसतात, आणि बैठक संपता संपता ठरतं की आता यापुढे मीनाला काही सांगायचं नाही, बाईमाणसाच्या मनावर ताण येईल. तिला हे कडू औषधासारखं गिळावं लागतं, डायरीत स्पष्ट लिहिते ती, पण यांचा प्रेमळपणा बघून गप्प बसते. आणि हे पाच पुरुष, म्हणजे व्हॅन हेल्सिंग, सेवर्ड, जोनाथन, आर्थर आणि क्विन्सी, किल्ल्या, कंदील, लसूण घेऊन शेजारच्या हवेलीत ड्रॅक्युलाला शोधायला जातात. ड्रॅक्युला कुठे जातो? इकडे. जिला सुरक्षित म्हणून मागे झोपवून आलेत तिच्याच खोलीत.

यापुढचं तर वाचवत नाही. सकाळी मीना फिकट दिसते, उशिरापर्यंत उठत नाही, आणि नवरा डायरीत काय लिहितो तर बरं झालं हिला यातून बाहेर ठेवलं, कालच्या चर्चेचाच ताण आलेला दिसतोय. दोन डॉक्टर घरात आहेत हो! लुसी हीच लक्षणं दाखवत यांच्या डोळ्यांदेखत गेली त्याला जेमतेम पंधरवडा होत नाही. ओळखतो कोण तर रेनफिल्ड, ज्याला सगळ्यांनी वेडा ठरवून कोंडून ठेवलंय. तो मरता मरता सांगतो की बाई परत भेटायला आल्या तेव्हा आधीसारख्या नव्हत्या, किटलीत पाणी घालून वाढवलेल्या चहासारख्या लागल्या. एका नजरेत कळलं त्याला. मग त्याच रात्री तो काउंटशी एकटा झोंबतो आणि पाठीचा कणा मोडून मरतो.

रेनफिल्डबद्दल तुमच्या पानावर 'माश्या खाणारा वेडा' एवढंच होतं, तेही अन्यायच आहे म्हणा. माश्या, माश्यांवर कोळी, कोळ्यांवर चिमण्या, मग मांजराचं पिल्लू मागतो, हे खरं. पण ज्या रात्री सगळे हवेलीत जायला निघतात त्याच रात्री तो अगदी शहाण्यासारखा बोलून, हातापाया पडून, मला आत्ताच्या आत्ता इथून पाठवा म्हणून रडतो. कारण सांगता येत नाही त्याला. सेवर्ड नाही म्हणतो. काउंटला घरात यायला आतून कोणीतरी बोलवावं लागतं आणि ते बोलावणं रेनफिल्डकडून जाणार आहे, हे त्याचं त्याला ठाऊक आहे आणि थांबवता येत नाहीये. मला तर या कादंबरीतला सगळ्यात अंगावर येणारा प्रसंग तोच वाटतो, त्यात रक्ताचा थेंबही नाही.

आता नायक व्हॅन हेल्सिंग. माणूस विद्वान आहे, धीराचा आहे, कबूल. पण जरा हिशोब मांडा. लुसीला काय झालंय याचा संशय त्याला लवकर येतो आणि तो कोणालाच सांगत नाही, वेळ आली की सांगेन म्हणतो. ड्रॅक्युलाला दूर ठेवायला खोलीत लसणाची फुलं लावतो पण लुसीच्या आईला ती का लावलीत हे सांगत नाही, तिचं हृदय कमजोर म्हणून, मग ती बिचारी लेकीला मोकळी हवा मिळावी म्हणून फुलं काढून टाकते आणि खिडकी उघडते. पुढे एका रात्री लुसीजवळ थांब म्हणून सेवर्डला अँटवर्पहून तार करतो, तर तारेच्या पत्त्यात परगणाच नाही! तार भलत्याच परगण्यातल्या कारफॅक्सला जाते आणि बावीस तास उशिरा पोचते. त्याच रात्री लांडगा खिडकी फोडतो, आई दगावते आणि लुसी त्यातून पुन्हा उठतच नाही. एवढी माहिती पोटात ठेवून बसलेला आणि पत्ता अर्धवट लिहिणारा माणूस नायक, आणि कागद न कागद सगळ्यांपुढे ठेवणारी मीना बळी. वा!

खरं तर अख्ख्या कथेत माणसं मरतात ती गोष्टी लपवल्यामुळे, आणि काउंट हरायला लागतो तो सगळ्यांचे कागद एकत्र आल्यावर. काउंटलाही हे कळतं बरं का. मीनावरच्या हल्ल्याच्या रात्री पळून जायच्या आधी तो सेवर्डच्या स्टडीत जाऊन हस्तलिखितं जाळतो, फोनोग्राफचे सिलिंडर आगीत टाकतो. पण मीनाने टाइप करतानाच कार्बन लावून तीन प्रती काढलेल्या, त्यातली एक तिजोरीत. ती प्रत बचावते आणि म्हणूनच पुढे काउंटचा पाठलाग करता येतो. शत्रूला जिची किंमत कळली तिची आपल्या पुरवणीला कळू नये म्हणजे काय म्हणायचं.

लुसीबद्दलही थोडं. 'चंचल सुंदरी' असं छापलंय. एका दिवसात तीन मागण्या आल्या यात तिचा काय दोष? ती मैत्रिणीला पत्रात लिहिते की तिघांशी लग्न करता आलं असतं तर, आणि लगेच म्हणते छे छे, असं बोलू नये. एकोणीस वर्षांची पोर आहे ती. नंतर तिला चार पुरुषांचं रक्त देतात, आर्थर, सेवर्ड, व्हॅन हेल्सिंग आणि क्विन्सी, रक्तगट न बघता, बघणार तरी कुठून म्हणा, रक्तगटांचा शोध १९०१ चा. चारही वेळा निभावलं हेच नवल. आणि लुसीचा होणारा नवरा आर्थर? श्रीमंत आहे, पुढे लॉर्ड होतो, खर्चाला उपयोगी पडतो. मेल्यावर ड्रॅक्युलासारखी रक्तपिपासू झालेल्या लुसीच्या छातीत मेख ठोकायचं काम त्याच्यावर येतं तेवढा एक प्रसंग सोडला तर त्याच्याबद्दल फार लिहावं असं काही नाही.

उलट काउंटबद्दल तुमच्या पानावर एक ढळढळीत चूक आहे. तो 'सूर्यप्रकाशात जळून राख होतो' म्हणे. कादंबरीत नाही हो असं. तो दिवसा लंडनच्या पिकॅडिलीत फिरताना जोनाथनला दिसतो, दिवसा त्याच्या शक्ती कमी होतात एवढंच. उन्हाने मरणं हे १९२२ च्या जर्मन मूकपटापासून सुरू झालं. पुस्तकात ६ नोव्हेंबरला सूर्य बुडता बुडता जोनाथन कुकरीने त्याचा गळा चिरतो आणि टेक्सासचा क्विन्सी मॉरिस बोवी सुरा काळजात खुपसतो, लाकडी मेखसुद्धा नाही. आणि त्या झटापटीत क्विन्सीचाच जीव जातो, तो मात्र तुमच्या यादीत नावालाही नाही. काउंटची मला आवडणारी गोष्ट वेगळीच आहे. एवढा मोठा सरदार, एवढा वाडा, पण नोकर एकही नाही, जोनाथनला एकदा काउंट स्वतःच बिछाना घालताना दिसतो आणि मग दाराच्या फटीतून जेवणाचं टेबल लावताना. तेव्हा त्याच्या लक्षात येतं की मग मला इथे आणणारा गाडीवानही हाच होता. दात, वटवाघूळ, शवपेट्या सगळं नंतर, भीतीची सुरुवात त्या बिछान्यापासून होते.

परत मीनाकडे येतो. काउंट जहाजातून पळतो तेव्हा त्याच्याशी जोडलं गेलेलं आपलं मन वापरा, पहाटेच्या आधी मला संमोहित करा ही कल्पना तिचीच. सगळे वार्ना बंदरात वाट बघत बसतात आणि काउंट गलाट्झ बंदरात उतरून गुंगारा देतो, तेव्हा नकाशे पसरून मुद्देसूद टिपण कोण लिहितं? रस्ता, रेल्वे, पाणी, तिन्हीचे धोके मांडून सेरेथ नदीने आणि मग बिस्त्रित्झाने तो वर जाणार असं ती काढते आणि ते बरोबर निघतं. व्हॅन हेल्सिंग स्वतः कबूल करतो की पुन्हा एकदा हीच आपली शिक्षिका. हे सगळं ती, काउंटच्या हल्ल्यानंतर पवित्र प्रसादाचा स्पर्श होऊन कपाळावर उठलेला भाजल्याचा डाग घेऊन करतेय, आपण हळूहळू त्याच्यासारख्या होतोय हे माहीत असताना. वेळ आली तर मला मारा असं पाचही जणांकडून वचन घेते, आणि जिवंतपणी आपल्यासाठी अंत्यविधीची प्रार्थना वाचायला लावते, तीही नवऱ्याला. आणि तरी म्हणते की काउंटचीही दया करा.

आता सगळं खापर तुमच्यावर फोडत नाही. स्टोकरलाही ही बाई पुरती झेपली नाही असं माझं मत आहे. एवढी हुशार दाखवतो, पण व्हॅन हेल्सिंगच्या तोंडून तिचं कौतुक करायचं तर पुरुषाचा मेंदू आहे म्हणून करतो. शेवटच्या टिपणात सात वर्षांनी ती मुलाची आई, आणि या पुरुषांनी तिच्यासाठी केवढं धाडस केलं ते मुलाला कळेल, अशी तिची ओळख. पण त्याच टिपणात जोनाथन लिहून जातो की अस्सल कागद जवळजवळ उरलेलाच नाही, सगळं टाइप केलेलंच आहे. म्हणजे शेवटी पुरावा उरला तो तिचाच.

जमलं तर पुढच्या रविवारी छोटी दुरुस्ती छापा. मीनाच्या चार शब्दांच्या जागी चार ओळी द्या, क्विन्सीचं नाव घाला, आणि ते सूर्यप्रकाशाचं तेवढं नक्की काढा, कारण पोरं पुरवणी बघून प्रोजेक्ट करतात आणि मग तेच खरं धरतात.

आपला,
एक नियमित वाचक